हृदयाचं पंपिंग कमी असलेल्यांच्या (हार्ट फेल्युअर) गोळ्यांचा तक्ता मराठीत कसा लिहावा?

प्रश्न (आरोग्य कार्यकर्ती, खानापूर)
बेळगावहून घरी आलेल्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णाकडे डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, पाकिटावरच्या खुणा कन्नडात. घरात वाचता येतं ते मराठी. पाच-सहा गोळ्यांत लघवीची गोळी सगळ्यात आधी सुटते. एका कागदावर काय लिहून द्यावं?

फार्मासिस्ट, टिळकवाडी
नुसतं '१-०-१' लिहू नका. सकाळला सूर्य, रात्रीला चंद्र काढा, खाली तेवढ्या गोळ्यांचे गोल. अर्धी असेल तर अर्धा गोल. शेजारी रिकाम्या पाकिटाचा नाव असलेला तुकडा चिकटवा आणि कशासाठी ते लिहा: 'अंगातलं पाणी काढते', 'ठोके आवरते'. 'ऊटद मोदलु' म्हणजे जेवणाआधी, 'ऊटद नंतर' म्हणजे जेवणानंतर, हेही मराठीत उतरवा.

कंपनीच्या नावाखाली मूळ औषधाचं नाव हवंच. लॅसिक्स आणि जनऔषधीतली फ्युरोसेमाइड ही एकच लघवीची गोळी, पण नाव वेगळं म्हणून दोन्ही घेतल्या जातात आणि डोस दुप्पट होतो. मेटोप्रोलॉल सक्सिनेट ही ठोके आवरणारी गोळी हळूहळू विरघळणारी असते, ती कुटून देऊ नका.

नर्स, निपाणी
लघवीची गोळी सुटते त्याला दोन कारणं. सूज उतरली की बरं झालं असं वाटतं. खरं तर ती गोळीनेच उतरलेली असते. दुसरं म्हणजे बसचा प्रवास, वाटेत सोय नसते, बायकांचे तर फार हाल. फ्युरोसेमाइडचा जोर साधारण सहा तास राहतो, म्हणून बाजाराच्या दिवशी ती परत आल्यावर घेता येईल का, हे डॉक्टरांना आधीच विचारून कागदावर लिहा.

वजनाला वेगळा रकाना ठेवा. सकाळी लघवीनंतर, खाण्याआधी, त्याच काट्यावर. तीन दिवसांत २ किलोहून जास्त वाढलं तर सूज दिसायची वाट न पाहता फोन करायचा.

प्रश्नकर्ती
लघवीची गोळी दिवसातून दोनदा असेल तर?

नर्स, निपाणी
दुसरी दुपारी चारच्या आत, नाहीतर रात्रभर उठावं लागतं. चुकली म्हणून पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत.

फार्मासिस्ट, टिळकवाडी
कागदाच्या तळाशी लाल पेनाने लिहा: गुडघेदुखीला दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन नको. ती मीठ-पाणी अंगात धरतात, मूत्रपिंडावर ताण आणतात, लघवीची गोळी लागू पडत नाही. पाण्यात फसफसणाऱ्या पॅरासिटामॉलमध्ये सोडियम असतं, साधी घ्यावी. लोणचं, पापड, सुकट कमी. 'कमी सोडियम'वाल्या मिठात पोटॅशियम असतं. स्पायरोनोलॅक्टोन (पोटॅशियम अंगात धरून ठेवणारी गोळी) चालू असताना ते धोक्याचं. ठोके आवरणारी गोळी एकदम बंद करू नये. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, काही गोळ्या थोडे दिवस थांबवाव्या लागतात.

आणि कागद देऊन 'समजलं का?' विचारू नका, सगळे 'हो'च म्हणतात. गोळ्यांची पिशवी पुढे ठेवून 'आता, उद्या सकाळी कुठली घ्याल ते काढून दाखवा' म्हणा. चुकीची उचलली तर कागद पुन्हा लिहा.