मदत हवी आहे: सेकिरोत गेनिचिरोपाशी अडकलोय, संयम आणू कुठून?

नमस्कार मंडळी,

नागपूरहून लिहितोय. सध्या ‘सेकिरो’ हा तलवारबाजीचा व्हिडिओ गेम खेळतोय आणि अशिना किल्ल्याच्या माथ्यावर गेनिचिरो नावाच्या बॉसने (मोठ्या शत्रूने) वाट अडवून धरली आहे. ऑफिसातून आलो, जेवलो, की त्याच्या हातचा मार खायला बसतो. घरचे म्हणतात, पैसे देऊन डोक्याला ताप विकत आणलास.

याआधी ‘एल्डन रिंग’ हा गेम खेळलोय. तिथे मार्गिट हा बॉस आवरेना तेव्हा सरळ पाठ फिरवली, दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुलात भटकलो, पात्राची लेव्हल वाढवली आणि परत येऊन त्याला लोळवला. आता जिंकलं कोण, मी की लेव्हल, देव जाणे. सेकिरोत ती पळवाटच नाही. तलवार एकच, डिफिकल्टी कमी करायची सोय नाही, आणि वाराची ताकद वाढायची तर मोठा बॉस हरवावा लागतो. म्हणजे पुन्हा हाच समोर!

तो उडी मारून वरून वार करतो ना, त्यानंतर लाल अक्षर चमकतं. पुढे एकतर भोसकतो, नाहीतर पायाशी तलवार फिरवतो. भोसकलं तर पुढे झेपावून मिकिरी (त्याचं शस्त्र पायाखाली दाबायचा डाव), फिरवली तर उडी. डोक्याला सगळं पाठ आहे, पण बोटं त्याआधीच काहीतरी दाबून मोकळी होतात.

हा सराव होतोय की नुसती डोकेफोड, हे ओळखायचं कसं? भाचा म्हणतो, “मामा, गेम स्लो करायचा मॉड टाक ना.” मॉड म्हणजे चाहत्यांनी गेममध्ये केलेला बदल. टाकू का? पीसी हॉलमधल्या टीव्हीला जोडलाय, त्याने काही फरक पडत असेल तर तेही सांगा.

प्रतिसाद १

भाऊ, टीव्हीवर खेळून राहिले अन् गेम मोडचं नावच नाही घेतलं तुम्ही! चित्र गुळगुळीत करायच्या नादात टीव्ही ते उशिरा दाखवते. तुम्ही बटण दाबेपर्यंत वार होऊन गेलेला असते. आधी सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड चालू करा.

दुसरं, आपल्याकडच्या उन्हाळ्यात कूलर सुरू असला की घरात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, तर तलवारीचा आवाज काय येणार? नुसतं ब्लॉक केलं तर बोदा आवाज येते, डिफ्लेक्ट, म्हणजे ऐन वेळी वार परतवणं, बरोबर बसलं की खणकन वाजते. निम्मा गेम कानानं खेळायचा आहे हा. हेडफोन लावा.

प्रतिसाद २

बहुतेक तुम्ही एल्डन रिंगच्या सवयीने खेळताय. वार चुकवला, मागे सरकलो, दम घेतला. इथे तेच अंगाशी येतं, कारण मोकळा वेळ मिळाला की त्याचा पोश्चर (तोल; तो पूर्ण ढळला की जीवघेणा वार करता येतो) पुन्हा सावरतो, आणि लांब गेलात की तो धनुष्य काढतो. चिकटून राहा. आधी त्याचा जीव थोडा कमी करा. जीव जितका कमी, तितका पोश्चर सावरायला उशीर लागतो. तुमचा स्वतःचा पोश्चर मात्र ब्लॉक दाबून धरला की लवकर सावरतो, हे बरेच जण विसरतात.

प्रगती ओळखायची खूण म्हणाल तर जिंकलो-हरलो पाहू नका. दुसऱ्या टप्प्यात पोचताना जखम भरणाऱ्या भोपळ्यातले किती घोट शिल्लक राहतात ते पाहा. आणि मेलात तर कशाने मेलात ते सांगता येतं का? आधी “काय झालं कळलंच नाही” म्हणत असाल आणि आता “स्वीपला (पायाशी फिरणाऱ्या वाराला) उशिरा उडी मारली” म्हणत असाल, तर सराव होतोय. एक संध्याकाळ वारच करू नका, फक्त अडवत राहा. मोडक्या देवळापाशी सरावासाठी हानबेई नावाचा योद्धा आहे, तो मरत नाही, त्याच्याशी डिफ्लेक्ट आणि मिकिरी घोटून घ्या.

आणि रागाने लगेच पुन्हा भिडू नका. पॉज करा, पाणी प्या. सेकिरोत पॉज आहे, तुमच्या एल्डन रिंगसारखं नाही.

प्रतिसाद ३

मॉड टाकला म्हणून पोलीस येणार नाहीत, खुशाल टाका. ‘सेलेस्ट’ (२०१८) हाही कठीणच गेम, पण त्यात वेग कमी करायचा असिस्ट मोड बनवणाऱ्यांनी स्वतःच दिलाय. तिथे कोणाचं काही बिघडलं नाही. मात्र सेकिरोचा सगळा डोलारा अचूक वेळ साधण्यावर उभा आहे. स्लो करून शिकलात तर पूर्ण वेगात हाताला पुन्हा नव्याने शिकवावं लागेल, एवढं धरून चला.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. गेम मोड बंदच होता! चालू केल्यावर पहिले दोन टप्पे काल पार झाले, तेही घोट शिल्लक ठेवून. तर हा गडी चिलखत उतरवून विजा फेकायला लागला. आता याचं काय करू?

प्रतिसाद १

हौ, तो शेवटचा टप्पा आहे. वीज येताना जमिनीवर राहायचं नाही. उडी मारा, हवेतच ती अंगावर घ्या अन् पाय टेकायच्या आत वार करा, वीज उलटी त्याच्यावरच जाते. एकदा जमलं की तुम्हीच वाट पाहाल, हा कधी वीज फेकते म्हणून.