प्रति: चंदीगड खुर्ची धुळ्यात करून घेताना

वर दोन प्रश्न आलेत: ही खुर्ची (चंदीगडच्या सरकारी इमारतींसाठी केलेली, सागाची आणि वेताच्या बैठकीची) त्या शहराचा आराखडा करणाऱ्या वास्तुकार ल कोर्बुझिएची का, आणि धुळ्याच्या उन्हाळ्यात तिचा वेत टिकेल का. खुर्ची त्याच्या चुलतभावाच्या, पिएर जानरेच्या नावावर आहे. तो १९५१ मध्ये चंदीगडला आला आणि १९६५ पर्यंत तिथेच राहिला. फर्निचरच्या कामात वास्तुकार युली चौधरीही होत्या, पण हे नाव बरेच जण सोयीने गाळतात.

सातपुड्यातला साग उत्तम, फक्त पक्का वाळलेला घ्या. पायांचा उलटा 'व्ही' हाताच्या दांडीला मिळतो तिथेच सगळा ताण येतो. ओलं लाकूड मे महिन्यात आकसतं, कूस (भोकात बसणारं लाकडाचं टोक) ढिली पडते, खुर्ची डुलायला लागते. मग सुतार खिळा ठोकतो आणि लाकूड तडकतं.

बैठकीच्या चौकटीत वेतासाठी भोकं अर्ध्या-अर्ध्या इंचावर पाडा, कडा पॉलिश पेपरने घासून गोल करा. धारदार कडेवरच वेत आधी कापला जातो. वेत अर्धा तास कोमट पाण्यात भिजवून ओलाच विणायचा, वाळताना आपोआप ताणला जातो. उन्हाळ्यात वेत कोरडा पडून तुटू नये म्हणून अधूनमधून बैठकीच्या खालून ओलं फडकं फिरवा. वरची चकचकीत बाजू पाणी पीत नाही.