आजोबांची इटली आणि आपल्या कादंबऱ्या

माणगावकर: काल इथे एकाने लिहिलं की मराठी कौटुंबिक कादंबरीत आजोबांना दुसऱ्या महायुद्धातल्या इटलीच्या लढाईत पाठवणं म्हणजे उगाच भाव खाणं, ती लढाई इंग्रजांची, आपल्या घरांचा काय संबंध. वाचून डोकंच फिरलं. आमच्या तालुक्यातले यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला टायबर खोऱ्यात एकटे मशीनगनवर चालून गेले, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून टॉमीगनच्या दस्त्याने शेवटच्या दोघांना लोळवलं आणि तिथेच गोळी लागून गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. त्यांना घर नव्हतं?

वाचनवेडा: शौर्याबद्दल कोण बोलतंय? कादंबरीत येतं काय ते बघा. ट्रंक, पिवळी पत्रं, इटालियन मुलगी. आणि प्रत्येक आजोबा कसिनोलाच, त्या डोंगरावरच्या मठाच्या प्रसिद्ध लढाईत! मराठा पलटणी इटलीतल्या सांग्रो, सेनिओ नद्यांवर लढल्या, ते कुणाला माहीत नाही.

माणगावकर: कसिनोला पण होत्या. मे १९४४ मध्ये आठवी भारतीय डिव्हिजन कसिनोजवळची गारी नदी ओलांडून गेली, तिच्यात १/५ मराठा, म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली पलटण, होती. कसिनो म्हणजे नुसता मठावरचा बॉम्बहल्ला नव्हे.

वाचनवेडा: बरं, गारीचं मान्य. मुलीचं नाही.

कऱ्हाडची_सून: तुमचं नदी-नदी चालू दे. माझे चुलत आजेसासरे जून १९४२ ला आफ्रिकेत, लिबियातल्या तोब्रुकला २/५ मराठाबरोबर पकडले गेले. घरी तार आली, बेपत्ता. भावकीतल्या बायका बांगड्या फोडायला आल्या तर त्यांच्या बायकोने, आमच्या आजीने, दाराला आतून कडी लावली. ते परत आले, पण म्हातारपणीही उशीखाली भाकरीचा तुकडा ठेवून झोपायचे. कैदेत काय झालं हे कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. हे लिहा की!

रानवारा: पण पगारासाठीच गेले ना सगळे? त्याच साताऱ्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं, लोक इंग्रजांशी लढत होते.

कऱ्हाडची_सून: पगारासाठीच गेले, मग? आजीचा धाकटा दीर प्रतिसरकारात होता! मनिऑर्डर यायची ती मोठ्याची, आणि त्याच पैशातल्या ज्वारीची भाकरी धाकट्याला रात्री मळ्यात पोचवायची आजी. कुणाला गद्दार म्हणायचं तिने? जेवायला बसलेल्या माणसाला?

रानवारा: गद्दार मी म्हटलेलं नाही. पण देशासाठी लढले असंही म्हणू नका.

वाचनवेडा: ताई, दोन भावांची ही गोष्ट आली तर पहिली प्रत मी घेईन. इटालियन मुलगी मात्र घालू नका.