'टू-स्टेट सोल्यूशन'ला मराठीत काय म्हणायचं?

शब्दवेडी
एका शालेय मासिकात मी दर महिन्याला 'जगात काय चाललंय' हे एक पान लिहिते. वाचक आठवी-नववीचे. या वेळी इस्रायल-पॅलेस्टाईन घेतलं. सप्टेंबर २०२५मध्ये ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, फ्रान्स यांनी पॅलेस्टाईनला मान्यता दिली, तिथून सुरुवात केली आणि वर्तमानपत्रं लिहितात तसं इंग्रजीतल्या 'टू-स्टेट सोल्यूशन'साठी, म्हणजे इस्रायलशेजारी पॅलेस्टाईनचाही देश व्हावा या कल्पनेसाठी, 'द्विराष्ट्र तोडगा' लिहून मोकळी झाले. मजकूर आधी भाचीला वाचायला दिला. तिनं त्या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि समासात लिहिलं, "हे जिनांचं ना?"

आता काय सांगणार तिला! इतिहासाच्या पुस्तकात 'द्विराष्ट्र सिद्धांत' तिनं नुकताच पाठ केलाय. मला दुसरा शब्द सुचवा. 'द्विराज्य', 'दोन राज्ये', 'दोन देश' हे तीन माझ्या वहीत आहेत, पण एकही गळी उतरत नाही.

बेळगावकर
'दोन राज्यांचा तोडगा' मुळीच लिहू नका. आमच्याकडे कुणी वाचलं तर लगेच सीमावादावरचा महाजन अहवाल काढून बसेल. मराठी माणसाला राज्य म्हटलं की महाराष्ट्र आणि कर्नाटक आठवतात, सार्वभौम सत्ता नाही.

जुना बखरकार
भाचीला माझ्याकडून शाबासकी द्या. पोरीनं नेमकं दुखणं पकडलंय.

राष्ट्र म्हणजे माणसं. आपण एक आहोत असं मानणारा समाज. इंग्रजीतला 'स्टेट' म्हणजे सत्ता: हद्द, सरकार, जकात, पोलीस. जिनांचा सिद्धांत पहिल्याबद्दल होता, दोन समाज आहेत म्हणून दोन देश हवेत असा. पॅलेस्टाईनच्या वाटाघाटीत दोन समाज आहेत की नाहीत हा वादच नाही, ते आहेतच. प्रश्न दुसऱ्या सत्तेचा आहे. म्हणजे 'द्विराष्ट्र' लिहिल्यावर जे आधीच आहे त्यालाच आपण तोडगा म्हणतो.

'द्विराज्य'ही नको. कौटिल्याकडे द्वैराज्य आहे, पण त्याचा अर्थ एकाच राज्यावर दोघांची सत्ता, नेमका उलटा! शाळेत बंगालची क्लाइव्हची 'दुहेरी राज्यव्यवस्था' शिकलो, तीही तीच गत.

आता गंमत बघा. १९४७ साली संयुक्त राष्ट्रांनी पॅलेस्टाईनसाठी ११ देशांची समिती नेमली, त्यात भारत होता. सात देशांनी फाळणी सुचवली. भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया यांनी वेगळा अहवाल दिला: एकच संघराज्य, त्यात एक अरब राज्य आणि एक ज्यू राज्य, राजधानी जेरुसलेम. बेळगावकर म्हणतात त्या अर्थाची 'दोन राज्ये' ही खरं तर आपलीच सूचना होती. ती कुणालाच नको होती. २९ नोव्हेंबर १९४७ला फाळणीचा ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी मंजूर झाला, भारताचं मत विरोधात पडलं. स्वतःच्या घरची फाळणी होऊन तीन महिने झालेल्या देशानं दुसरं काय करायचं होतं?

आखातरिटर्न
शारजात एकवीस वर्षं काढली, तेवढ्या अरबीच्या बळावर लिहितो. अरबीत याला 'हल्ल अद-दौलतैन' म्हणतात. हल्ल म्हणजे उकल. दौला म्हणजे स्टेट, आणि त्याचं द्विवचन दौलतैन. संस्कृतात द्विवचन होतं, आपण ते गमावलं, त्यांनी जपलंय.

आणि दौला म्हणजे आपली दौलत! पेशवाईतल्या पत्रांत 'दौलतीचे काम', 'दौलतीस धोका' असं येतं, तिथं दौलत म्हणजे पैसाअडका नव्हे, राज्यच. तेव्हा शब्दवेडीताई, लिहा 'दोन दौलतींचा तोडगा'. (लिहू नका. भाची पुन्हा पेन्सिल काढेल.)

अलिबाग ते अश्दोद
इकडे इस्रायलमध्ये हिब्रूत 'श्तेई मदिनोत लिश्नेई अमिम' असं म्हणतात, दोन लोकसमूहांसाठी दोन देश. राष्ट्र आणि सत्ता यांना त्यात वेगवेगळे शब्द आहेत, त्यामुळे बखरकारकाका म्हणतात तो घोळ होत नाही. 'मदिना' म्हणजे देश. अरबीत तोच शब्द शहराला वापरतात.

माझी आजी नवगावची. ती इथं येऊन पन्नास वर्षं झाली तरी बातम्या ऐकून आम्हाला मराठीतच सांगायची. तिला 'तोडगा' शब्द आवडायचा नाही. "तोडगा उवांवर असतो, नजर लागल्यावर असतो," म्हणायची. "भांडणात समझोता असतो."

शब्दवेडी
आजींना नमस्कार! पण 'समझोता' झालेला असतो, 'तोडगा' काढायचा असतो. इथं अजून काढायचाच आहे.

बरं, लगे हात दुसरी अडचण. त्याच पानावर मी युद्धविराम, युद्धबंदी, शस्त्रसंधी आणि तह हे चार शब्द आलटून पालटून वापरलेत, पुनरुक्ती नको म्हणून. ते चालेल का?

उपसंपादक
अजिबात नाही. रात्रपाळीत मथळे लावण्यात केस पांढरे झाले, म्हणून हक्कानं सांगतो.

'युद्धबंदी' तर टाळाच. दारूबंदी, नसबंदीच्या चालीवर तो 'युद्ध थांबवणे' असा बनला, पण हिंदीत युद्धबंदी म्हणजे युद्धकैदी, आणि हल्ली मराठीतही लोक तसा वाचतात. जानेवारी २०२५मध्ये गाझात लढाई थांबली तेव्हा आमच्याकडे एकानं 'युद्धबंदीमुळे बंदी सुटले' असा मथळा दिला होता. बरं झालं, छापायच्या आधी दिसला.

युद्धविराम म्हणजे गोळीबार थांबला. बास. कोणाचं काहीही ठरलेलं नाही. तो १९ जानेवारीला लागू झालेला युद्धविराम १८ मार्चला मोडला, पुढचा १० ऑक्टोबरला आला.

शस्त्रसंधी त्याच्या एक पायरी वर. लेखी, सह्यांनिशी, नकाशावर रेषा मारून. १९४९ साली इस्रायलनं इजिप्त, लेबनॉन, जॉर्डन आणि सीरियाबरोबर केले ते शस्त्रसंधी करार. नकाशावर ती रेषा हिरव्या पेन्सिलीनं काढली म्हणून 'ग्रीन लाइन' हे नाव पडलं. ही राजकीय सीमा नव्हे असं त्या करारांतच लिहिलंय. आज जग तिलाच सीमेचा आधार मानतं. पेन्सिलीची रेघ एवढी चिवट निघेल असं ती मारणाऱ्याला वाटलं नसेल.

तह म्हणजे युद्ध संपलं. इजिप्तबरोबर १९७९, जॉर्डनबरोबर १९९४. पॅलेस्टिनींबरोबर तह झालेलाच नाही, तेव्हा तिथं तो शब्द वापरायचा नाही. 'ऑस्लो तह' असं काही नसतं, 'ऑस्लो करार' असतो.

अलिबाग ते अश्दोद
हिब्रूत शस्त्रसंधीला 'श्वितत नेशेक' म्हणतात. श्विता म्हणजे संप, गिरणी कामगारांचा असतो तो. शस्त्रांचा संप! शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, तोही त्याच धातूतला. आणि युद्धविरामाला 'हफ्साकत एश'. एश म्हणजे आग, आणि हफ्साका हा शब्द इथं प्रत्येक मूल रोज म्हणतं, कारण शाळेच्या मधल्या सुट्टीलाही हफ्साकाच म्हणतात. माझा धाकटा सहा वर्षांचा असताना रेडिओवर 'हफ्साकत एश' ऐकून त्यानं विचारलं होतं, "मग घंटा कधी होणार?"

आखातरिटर्न
घंटा. खरं आहे बाई.

अरबीत युद्धविराम 'वक्फ इत्लाक अन-नार'. शब्दशः, आग सोडणं थांबवणं. यातला वक्फ आपण जमिनीच्या बातम्यांत वाचतो तोच, मूळ अर्थ थांबवणं, अडकवून ठेवणं. इत्लाक आणि तलाक एकाच धातूतले, सोडणं. एका शब्दप्रयोगात वक्फ आणि तलाक दोन्ही, आणि दोन्हींचा आपल्या वर्तमानपत्री अर्थाशी संबंध नाही.

'हुदना' वेगळा. मुदतीचा विराम. इसवी सन ६२८चा प्रेषित मुहम्मद आणि मक्केकर यांच्यातला हुदैबियाचा करार दहा वर्षांसाठी होता, तिथून या शब्दाला वजन आलं. २००३च्या जूनमध्ये हमास आणि इस्लामिक जिहाद या पॅलेस्टिनी सशस्त्र संघटनांनी तीन महिन्यांची हुदना जाहीर केली, ती ऑगस्टातच बुडाली. त्याहून पातळ 'तहदिया': नुसतं निवळणं. २००८ साली इजिप्तच्या मध्यस्थीनं सहा महिन्यांचं झालं ते तहदिया.

आमच्या ऑफिसात पॅलेस्टाईनमधल्या नाब्लुसचे एक हिशेबनीस होते, जॉर्डनच्या पासपोर्टवर नोकरीला. १३ सप्टेंबर १९९३ला व्हाइट हाउसच्या हिरवळीवर ऑस्लो करारावर सह्या झाल्या आणि इस्रायलचे पंतप्रधान राबिन व पॅलेस्टिनी नेते अराफत यांनी हात मिळवले, ते आम्ही कँटीनमध्ये टीव्हीवर एकत्र बघितलं. मी म्हटलं, मुबारक, सलाम झाला, म्हणजे शांतता झाली. त्यांनी चहात साखर ढवळत शांतपणे सांगितलं, "सलाम नाही. सुल्ह पण नाही. इत्तिफाक आहे." अरबीत सुल्ह म्हणजे समेट, इत्तिफाक म्हणजे करार. मी हिंदी सिनेमावर वाढलेला, मला वाटलं योगायोग म्हणतायत. पुढं जे झालं ते बघता माझंही फार चुकलं नाही.

शब्दवेडी
म्हणजे आपण सगळ्याला 'शांतता' म्हणतो ते चूकच. वाचनालयात पाटी असते ती शांतता, ती तहदिया झाली. सलाम, शालोम यांना आपल्याकडे काय?

जुना बखरकार
'शांती' म्हटलं की सत्यनारायण आठवतो, ती अडचण आहेच. 'सलोखा' मला जवळचा वाटतो, पण तो शेजाऱ्यांत होतो, सरकारांत नाही. असो. मुत्सद्द्यांचा खरा खेळ असल्या भारदस्त शब्दांत नसतोच, बारक्या शब्दांत असतो.

सुरक्षा परिषदेचा २४२ क्रमांकाचा ठराव, २२ नोव्हेंबर १९६७. मसुदा ब्रिटनच्या लॉर्ड कॅराडनचा. सहा दिवसांच्या युद्धात व्यापलेल्या 'टेरिटरीज'मधून इस्रायली सैन्यानं माघार घ्यावी. इंग्रजीत त्या शब्दाआधी 'द' नाही. इस्रायल म्हणतं, नाही म्हणजे नाही, सगळ्या प्रदेशांतून असं म्हटलेलंच नाही. फ्रेंच मसुद्यात मात्र 'दे तेरितुआर' आहे, त्यात 'द' आपोआप येतो. अरब देश त्याकडे बोट दाखवतात, शिवाय युद्धानं भूमी मिळवणं अमान्य असं प्रस्तावनेत आहे त्याकडेही. भारत तेव्हा परिषदेत होता. माली आणि नायजेरियासोबत आपण जो मसुदा मांडला होता त्यात 'सर्व प्रदेश' असं स्वच्छ होतं. तो मतदानापर्यंत गेला नाही.

आता हे मराठीत आणा. "व्यापलेल्या प्रदेशांतून माघार." मराठीला 'द'च नाही! आपलं वाक्य इंग्रजीशीही प्रामाणिक, फ्रेंचशीही. अनुवादकाला यापेक्षा सुखाची नोकरी नाही.

बेळगावकर
महाजन अहवालही १९६७चाच. वाईट वर्ष दिसतंय.

उपसंपादक
ताजं उदाहरण घ्या. २५ मार्च २०२४, गाझातल्या युद्धावरचा सुरक्षा परिषदेचा ठराव २७२८. रमजानचे जेमतेम पंधरा दिवस उरले होते, त्या महिन्यापुरता युद्धविराम व्हावा आणि त्यातून पुढं 'पर्मनंट' युद्धविराम व्हावा असा मसुदा होता. अमेरिकेच्या आग्रहावरून 'पर्मनंट' काढून 'लास्टिंग' घातलं. रशियानं सभागृहातच जुना शब्द परत घालायची दुरुस्ती मांडली, ती पडली. ठराव १४-० असा मंजूर, अमेरिका तटस्थ, आणि लगेच अमेरिकेचं म्हणणं, हा बंधनकारक नाही.

आमच्या डेस्कवर दोन्हीला 'कायमस्वरूपी' लिहून टाकलं. मी 'टिकाऊ' सुचवला तर वरिष्ठ म्हणाले, ही काय चप्पल आहे? पण फरक तोच आहे हो. कायम म्हणजे नोकरीत कायम. टिकाऊ म्हणजे टिकेल तोवर.

आणि परिषदेच्याच नोव्हेंबर २०२५च्या २८०३ ठरावात पॅलेस्टिनी राज्यत्वाकडे जाणाऱ्या 'पाथवे'ची परिस्थिती 'कदाचित' तयार होईल, असं आहे. बाकी सगळे 'मार्ग मोकळा' असा मथळा देऊन बसले. मी 'पाऊलवाट' लिहिलं. त्यातला 'कदाचित' मथळ्यात मावला नाही.

आखातरिटर्न
'मान्यता' हा शब्दही जपून. १९९३मध्ये ऑस्लो कराराच्या वेळी इस्रायल आणि पीएलओ (पॅलेस्टाईन मुक्ती संघटना) यांनी एकमेकांना दिलेल्या पत्रांबद्दल सगळीकडे 'परस्परांना मान्यता' असं छापून आलं. पीएलओनं इस्रायलचं अस्तित्व मान्य केलं, म्हणजे एका देशाचं. इस्रायलनं मान्य केलं ते पीएलओला, पॅलेस्टिनी जनतेचे प्रतिनिधी म्हणून, देशाला नव्हे. 'परस्पर' शब्दानं तराजू सरळ दिसतो, पण पारड्यांत वेगवेगळ्या वस्तू होत्या.

अलिबाग ते अश्दोद
आणि मान्यता म्हणजे वकिलात नव्हे. भारतानं इस्रायलला १९५० साली मान्यता दिली, पण दिल्लीत वकिलात यायला १९९२ उजाडलं. तोवर मुंबईतल्या कॉन्सुलेटवरच काम चालायचं. आजीची पिढी तिथूनच कागद करून इकडे आली. पॅलेस्टाईनला भारतानं १९८८ सालीच मान्यता दिली होती, पण तेवढ्यानं नाब्लुसच्या हिशेबनिसांना पासपोर्ट मिळाला असेल असं वाटत नाही.

जुना बखरकार
म्हणून मूळ प्रश्नाला माझं मत: 'दोन स्वतंत्र देशांचा तोडगा'. 'देश' सगळ्यांना कळतो, आणि...

बेळगावकर
कोकणातल्यांना विचारा. त्यांच्यासाठी देश म्हणजे घाटावरचा भाग.

जुना बखरकार
...आणि 'स्वतंत्र' गाळू नका. सगळं अडलंय ते त्याच शब्दावर. ऑस्लो करारांत पॅलेस्टिनी देशाचा उल्लेखसुद्धा नाही. ५ ऑक्टोबर १९९५ला राबिन संसदेत म्हणाले होते की जे होईल ते देशापेक्षा कमी काहीतरी असेल. महिनाभरात त्यांची हत्या झाली, तीही एवढंसं देऊ केलं म्हणून. स्वतःचं सैन्य, स्वतःची हद्द, स्वतःचं पाणी, या सगळ्याची जागा 'स्वतंत्र' या एका शब्दात आहे. तो काढलात तर उरतो तो तालुका.

शब्दवेडी
पटलं. तसंच लिहून पाठवलं. 'तह' काढला, 'युद्धबंदी' काढली, भाचीलाही दाखवलं. तिनं मान डोलावली.

शब्दवेडी
अंक आज हातात आला. शीर्षक दोन ओळींत बसत नव्हतं म्हणून संपादकांनी एक शब्द कमी केलाय. 'दोन देशांचा तोडगा'.