इमेज प्रोसेसिंग जुनं झालंय का? एम.टेक. कशात करू?

लातूरकर_ईटीसी
लातूरला इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. एम.टेक.च्या प्रवेशासाठी गेटची तयारी चालू आहे, पेपर ईसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचा. पुढे कॉम्प्युटर व्हिजन, म्हणजे फोटोतलं काय ते कॉम्प्युटरला ओळखायला लावणं, करायचंय. मित्र म्हणतात, इमेज प्रोसेसिंगमधलं फिल्टर, हिस्टोग्राम वगैरे आता कोण विचारतं, मॉडेल ट्रेन करता आलं की झालं, थेट एआयला जा. मला तर डीएसपी (डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग) आवडतं. सिग्नल प्रोसेसिंग घेतलं तर अडकून पडेन का? गेटचा डीएचा (डेटा सायन्स अँड एआय) पेपरही द्यावा का?

रेटिनावाली
मी डोळ्याच्या पडद्याच्या फोटोंवर पीएच.डी. करतेय, तेव्हा माझा कल कुठे असणार ते धरूनच वाच.

आयडीआरआयडी हा डेटासेट माहीत आहे? मधुमेहामुळे होणाऱ्या रेटिनोपॅथीचा, म्हणजे पडद्याच्या आजाराचा. परदेशातल्या लॅबही वापरतात, आणि तो आहे तुझ्या शेजारच्या नांदेडचा! फोटो तिथल्या नेत्ररुग्णालयातले, काम तिथल्याच एसजीजीएस या इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटच्या मंडळींचं. २०१८ मध्ये खुला झाला. ५१६ फोटो, प्रत्येक ४२८८ × २८४८ पिक्सेलचा.

आता गंमत बघ. जीपीयूत (मॉडेल ट्रेन करायच्या चिपच्या मेमरीत) मावत नाही म्हणून पोरं फोटो ५१२ पिक्सेलवर आणतात. मायक्रोअ‍ॅन्युरिझम म्हणजे रोगाची पहिली खूण, मूळ फोटोत जेमतेम दहा-पंधरा पिक्सेलचा लाल ठिपका. आठपटीने लहान केल्यावर एक-दोन पिक्सेल उरतो, शेजारच्या रंगात मिसळून जातो. मग रिझल्ट येत नाही म्हणून ही मंडळी मॉडेल बदलत बसतात. ठिपकाच पुसलाय, रेझनेटसारखं मॉडेल बिचारं काय शोधणार? सॅम्पलिंग (चित्र किती पिक्सेलांत पकडायचं ते) नीट शिकलेल्याला हे आधीच कळतं. तसंच ग्रीन चॅनेलचं, म्हणजे फोटोतल्या फक्त हिरव्या रंगाच्या भागाचं: हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश जास्त शोषतं, म्हणून रक्तवाहिन्या आणि ठिपके तिथे सगळ्यात उठून दिसतात. शिवाय पिक्सेलनिहाय खुणा केलेले फोटो ८१च. एवढ्यावर नुसतं ट्रेन करून भागत नाही.

डीएचा पेपर २०२४ पासून आहे. त्यात प्रोबॅबिलिटी, लिनियर अल्जेब्रा आहे, ते तुला कुठेही लागणारच. दोन पेपर देता येतात, पण जोड्या ठरलेल्या असतात. यंदाची यादी बघूनच फॉर्म भर.

चाकणचा_कॅमेरा
ताईंना अनुमोदन. आम्ही कारखान्याच्या लाइनवर कॅमेऱ्याने पार्ट तपासतो. निम्मं काम लाइट कुठून पाडायचा यातच जातं. ते जमलं की १९७९ची ओत्सूची थ्रेशोल्डिंग, म्हणजे एक हद्द ठरवून पिक्सेल काळे-पांढरे वेगळे करायची पद्धत, अजून मस्त चालते. इंटरव्ह्यूला येणाऱ्यांना मी कॅमेरा कॅलिब्रेशन (पिक्सेलचं खऱ्या मापाशी गणित जुळवणं) विचारतो, बहुतेक तिथेच गप्प होतात.

लातूरकर_ईटीसी
धन्यवाद ताई, दादा. मग कॉलेज कसं निवडू? शाखेच्या नावावर जाऊ का?

रेटिनावाली
नावावर अजिबात नको. एकाच प्रकारचं काम कुठे ईई (इलेक्ट्रिकल) विभागात चालतं, कुठे सीएसमध्ये (कॉम्प्युटर सायन्स). आयसीव्हीजीआयपी ही आपल्याकडची या विषयाची परिषद, तिथल्या अलीकडच्या शोधनिबंधांवर गाइडांची नावं बघ. मग त्यांच्या विद्यार्थ्यांना मेल टाक आणि विचार, जीपीयूसाठी किती थांबावं लागतं, सर भेटतात किती वेळा. हैदराबादच्या ट्रिपलआयटीत सीव्हीआयटी हे याच विषयाचं केंद्र आहे, आणि तिथे एम.एस. बाय रिसर्चही करता येतं. प्रवेश त्यांच्या स्वतःच्या परीक्षेने, ती नजरेतून सुटू देऊ नकोस.

आणि काय रे, एसव्हीडी (लिनियर अल्जेब्रातलं मॅट्रिक्सची फोड करायचं गणित) हाताने काढता येतं का तुला? खरं सांग.