पुण्याचं बिल दाखवून सोलापूरचा कर मापू नका

विजापूर वेस : काल आपल्या सोलापूरकरांच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, 'पुण्यातल्या भावाच्या फ्लॅटइतकाच कर माझ्या सोलापुरातल्या घराला, म्हणजे महापालिका लुटते.' वाचून राहवलं नाही. नुसती बिलं शेजारी ठेवून काय कळणार? कर लागतो करयोग्य मूल्यावर, ते निघतं अपेक्षित भाड्यावरून. पुण्यात स्वतः राहणाऱ्याला 40 टक्के सवलत आहे. मधे काढली होती, 2023 ला परत दिली. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंत 2022 पासून माफीच. त्या महापालिकांना बांधकाम परवानग्यांतून पैसा येतो. आपल्या गिरण्या बंद, जकात गेली, 2015 ला बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटी (जकातीऐवजी आलेला स्थानिक संस्था कर) गेला, 2017 पासून जीएसटीच्या भरपाईकडे डोळे. स्वतःचं म्हणावं असं उत्पन्न उरलं ते मिळकत कराचं. तेच थकवायचं?

जुळे सोलापूर : कराचं राहू द्या, पाण्याचं बोला की ओ! मागच्या आठवड्यात पहाटे पावणेतीनला नळ आला. आई गुडघ्यावर हात ठेवत उठली. दोन बॅरल भरेपर्यंत धार करंगळीएवढी झाली, कळशा रिकाम्याच राहिल्या. चौथ्या दिवशी पाणी म्हणजे वर्षात 91 वेळा. पाणीपट्टी मात्र अख्ख्या वर्षाची!

शेळगी : धार बारीक का होते? तुमच्याच गल्लीत नळाला मोटारी लावतात म्हणून. आम्ही टोकाला, आमच्याकडे नुसती हवा येते.

जुळे सोलापूर : माझ्या घरी मोटार नाही. येऊन बघा, मग बोला. 1992 ला हद्दवाढीत आमचा भाग शहरात घेतला तेव्हापासून आमची गाऱ्हाणी कोणी ऐकत नाही, आता तुम्हीही आम्हालाच चोर ठरवा.

विजापूर वेस : अहो, उजनी धरणाचं पाणी 100 किलोमीटरवरून उपसून आणायचं, त्याचं वीजबिल कोण भरणार? मी त्याचंच बोलतोय.

मंगळवार पेठ : मी दरवर्षी पहिल्या सवलतीत भरतो. एका वर्षी आजारपणात राहिलं, तर महिन्याला 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागली. दागिना मोडून भरली. पुढे अभय योजना आली, दहा वर्षं थकवणाऱ्याची शास्ती माफ! थकबाकी वाढवली ती या माफीने. पाण्याचं नंतर बोला.

शेळगी : हे मात्र खरं.

जुळे सोलापूर : बरं, पुण्याशी तुलना चुकीची, मानलं. कर भरणार, आजवर भरलाच आहे. पण बिलावर तेवढं छापा, वर्षात आमच्या भागात किती दिवस पाणी सोडलं ते.