दुकानात बंदूक मोडून दाखवायची, यात कसला आलाय अपमान?

काजूवाला_सत्तरी

काल भाटकार७० यांनी इथं टाकलेलं वाचलं आणि रात्री जेवण गोड लागलं नाही. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: वडिलांची डबल बॅरल (दोन नळ्यांची बंदूक) घेऊन हे दुरुस्तीला बंदुकीच्या दुकानात गेले. कव्हरातून काढून काउंटरवर आडवी ठेवली, तसा आतला पोर ओरडला, "तोंड भिंतीकडे! आधी मोडा!" (मोडा म्हणजे नळी खाली वाकवून बंदूक उघडा, आत काडतूस आहे का दिसतं.) यांचं म्हणणं, साठीतल्या माणसाला चार गिऱ्हाइकांदेखत कालचं पोर शिकवणार? रिकामी आहे म्हणून सांगितलं होतं ना! आणि खाली सगळ्यांची री: हल्लीची पोरं उर्मट, गिऱ्हाइकाला किंमत नाही, वगैरे वगैरे.

मी त्या पोराला ओळखत नाही. भेटला तर लिंबूसोडा पाजीन.

बंदुकीच्या दुकानात नव्या मालाची भीती कमी. इशापूरची रायफल असो की कानपूरची .३२ रिव्हॉल्वर, ती ग्रीस फासून खोक्यातून येते. खरी भीती आपण घरून नेतो त्या बंदुकीची. रात्री रानडुकरांपासून बागेच्या राखणीला भरलेली असते. डुकरं येत नाहीत, पहाटे बोंडू गोळा करायची घाई, बंदूक भिंतीला टेकवून आपण काजूत. आठ दिवसांनी कोणीतरी ती कव्हरात घालतो, महिन्याभरानं दुसराच कोणीतरी दुकानात नेतो. आत काय आहे हे यातल्या एकालाही ठाऊक नसतं आणि सगळे छातीठोकपणे सांगतात, रिकामी आहे.

मीही सांगितलं होतं. २०११ साली माझी सिंगल बॅरल चाप जड झाला म्हणून नेली होती. दुकानातले म्हातारे गृहस्थ काही बोलले नाहीत. नळीचं तोंड कोपऱ्यातल्या वाळूच्या डब्याकडे केलं आणि बंदूक मोडली. काडतुसाचं पितळ वर आलं. त्यांनी ते काढून काउंटरवर उभं ठेवलं आणि विचारलं, "चहा घेणार?" मी घेतला. कप बशीवर वाजत होता एवढं आठवतं.

आणि सेफ्टी लावली होती हे कोणी सांगू नका. आपल्याकडच्या बहुतेक डबल बॅरलची सेफ्टी फक्त चाप अडवते, आतला घोडा ताणलेलाच राहतो. बंदूक फरशीवर आपटली तर सेफ्टी काही करत नाही.

भाटकार७०

माझ्या नावानं धागा काढल्याबद्दल आभार. एक विचारतो. तुमच्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी आरडाओरडा केला का? नाही. गुपचूप मोडली, वर चहा पाजला. मीही तेच म्हणतोय! मोडायला माझी ना नाही, बोलण्याची काही रीत असते. आमच्या घरात बंदूक पोर्तुगीज अमदानीपासून आहे, मला धरायला शिकवू नका. १८५२ साली सत्तरीच्या दिपाजी राण्यांनी पोर्तुगीजांकडून नाणूसचा किल्ला घेतला तेव्हा कोणी "तोंड भिंतीकडे" म्हणत होतं का?

काजूवाला_सत्तरी

त्यांच्या बंदुका ठासणीच्या होत्या, मोडता येत नव्हत्या. आणि त्यांचं तोंड कोणाकडे आहे ते त्यांना नीट ठाऊक होतं. तुमचं त्या पोराच्या पोटाकडे होतं.

सुभेदार_डिचोली

२४ वर्षं फौजेत काढली. हत्यार एका हातातून दुसऱ्या हातात जाताना दर वेळी "जांच शस्त्र". मी तपासून तुला दिलं तरी तू परत तपासायचं, तू मला परत केलंस की मी परत. यात कोणाला राग येत नाही, कारण विश्वासाचा प्रश्नच नसतो. तिथं कर्नलही उघडून दाखवतो. भाटकारबाब, तुम्ही कर्नलपेक्षा मोठे असाल तर वेगळी गोष्ट.

पण दुकानदारांनाही मी सोडणार नाही. यांच्याकडे दुसरीच सवय. गिऱ्हाईक रायफल बघायला मागतो, हे हातात देतात, गिऱ्हाईक ती खांद्याला लावतो आणि नेम कुठं धरतो? पंख्यावर. भिंतीवरच्या कॅलेंडरवर. एकदा तर रस्त्यापलीकडच्या बेकरीतल्या बाईवर धरलेला मी माझ्या डोळ्यांनी बघितला. वर "चाप हलका आहे ना बघा" म्हणत दोनदा ओढलासुद्धा, आणि दुकानदार गल्ल्यावर पैसे मोजतोय. अरे, चाप दाखवायचाच तर आत डमी काडतूस घाला, एक भिंत ठरवा, तिथं मातीची पोती रचा. पोत्यांना असा किती खर्च येतो?

नियमवाला

मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. भाटकार७० यांनी स्वतःच लिहिलंय की बंदूक वडिलांच्या नावावर आहे. वडील बरोबर होते का? नसतील तर त्यांची लेखी परवानगी होती का? शस्त्र कायदा १९५९, कलम ३ चं परंतुक: लायसन नसलेल्या माणसानं दुसऱ्याची बंदूक दुरुस्तीला न्यायची तर लायसनधारक समोर हवा, नाहीतर त्याची चिठ्ठी हवी. "घरचीच आहे" असं त्यात कुठं लिहिलेलं नाही. त्या पोरानं आवाज चढवला, कागद मागितला नाही. उलट करायला हवं होतं.

आणि काजूवाले, तुम्हीही जरा जपून. पीकरक्षणाचं लायसन हे शिकारीचं लायसन नव्हे. डुकराला मारायचं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वनखात्याची परवानगी लागते.

काजूवाला_सत्तरी

मी राखणीला लिहिलंय, मारायला नाही. फार (बार) काढला की कळप पळतो. तुम्ही एकदा रात्री दोन वाजता बागेत या, कलम वाचून दाखवा, तेही पळतील.

भाटकार७०

चिठ्ठी होती. वडील ८४ वर्षांचे आहेत, दुकानाच्या पायऱ्या त्यांना चढवत नाहीत. आणि नियमवाले, आमच्या घरचे कागद इथं दाखवायला मी बांधील नाही.

नियमवाला

८४? मग लायसन तुमच्या नावावर करायचा अर्ज का नाही केला? २०१६ च्या नियमांत सोय आहे: धारक ७० चा झाला किंवा बंदूक २५ वर्षं त्याच्याकडे असली की वारसाला अर्ज करता येतो. त्यासाठी सेफ्टी ट्रेनिंगचा दाखला लागतो. बंदूक कशी धरायची, कशी न्यायची, हे त्याच ट्रेनिंगमध्ये शिकवतात. म्हणजे दुकानातल्या पोराकडून शिकायची वेळ येत नाही.

बागायतदार_केपे

हे सगळं ठीक, पण तुम्ही सगळे मुख्य दुखणं विसरलात. निवडणूक! ती आली की बंदूक ठाण्यात जमा. २०२४ ला १६ मार्चला आचारसंहिता लागली. ७ मे ला आपल्या गोव्यात मतदान, निकाल ४ जूनला. म्हणजे काजूचा अख्खा हंगाम माझी बंदूक पोलीस ठाण्यात. गवेरेडे काय मतदार यादी बघून येतात? परत घेतली तेव्हा बाहेर पाऊस सुरू, नळीत बोट घातलं तर लाल निघालं. जमा करताना माझ्याकडून सही घेतली, परत देताना तिला तेलाचं बोट तरी कोणी लावलं का? कसली सेफ्टी सांगता आम्हाला!

सांग्याचा_माणूस

शंभर टक्के. आणि सरसकट सगळ्यांच्या जमा करून घेऊ नयेत, समितीनं एकेक लायसन बघून ठरवावं, असं हायकोर्टानं सांगितलेलं आहे. प्रत्यक्षात काय होतं? हवालदाराचा फोन येतो: "उद्यापर्यंत आणून द्या." समिती कुठं बसते, काय बघते, कोणाला ठाऊक.

बागायतदार_केपे

मागच्या वेळी लेखी विचारलं, माझ्यावर एक तरी गुन्हा आहे का? उत्तर नाही. मग म्हटलं ठाण्यात नको, दुकानात ठेवतो, कायद्यात तीही सोय आहे. तर दुकानदारानं महिन्याचं भाडं सांगितलं. त्या भाड्यात मी बागेला सोलरचं कुंपण घालीन.

सुभेदार_डिचोली

विषय बंदूक दुकानात कशी हाताळावी हा आहे. निवडणुकीचा वेगळा धागा काढा.

बागायतदार_केपे

पेन्शन खाऊन शिस्त शिकवणं सोपं असतं, सुभेदार. तुमच्या मागच्या दारी नारळीची बाग नाही.

सुभेदार_डिचोली

पेन्शन खात नाही, कमावलेली आहे. पुढं लिहीत नाही, हात भलतीकडे जाईल.

चाप_आणि_पिन

वीस वर्षं बंदूक दुरुस्तीत आहे. कुठं ते सांगत नाही. बागायतदारांची तक्रार भलत्या धाग्यावर आली असं वाटतंय ना? तसं नाही, सांगतो.

निवडणूक संपली की पंधरा दिवसांत आमच्याकडे रांग लागते. सगळ्या ठाण्यातून सुटलेल्या, गंज धरलेल्या. त्यात निम्म्यांच्या आत खोबरेल. घरचं आहे म्हणून ओततात. ते थंडीत थिजतं, त्यात धूळ बसते, गंज मिसळतो आणि फायरिंग पिन (काडतुसाला ठोकणारी सुई) आतल्या आत चिकटते. कधी कधी ती पुढंच अडकून राहते, टोक बाहेर. अशा बंदुकीत काडतूस घालून खटकन बंद केली की चाप न ओढताही बार उडू शकतो. आलं लक्षात? त्या पोराला बंदूक बंद बघून राग येतो तो एवढ्यासाठी. मोडलेली बंदूक लांबून दिसते, तिचं मला काही वाटत नाही. बंद बंदूक घेऊन दारातून आत येणाऱ्या माणसाचं वाटतं.

दुसरं. जमा करताना कव्हर उघडून कोणी बघतं का? पावतीवर नंबर लिहितात, नळी बघत नाहीत. मला ठाण्यातून परत आलेल्या बंदुकीत काडतूस सापडलंय. दोन महिने ती तिथं पन्नास बंदुकांच्या ढिगात उभी होती.

तिसरं, विचारलं नाही तरी सांगतो. जुन्या विलायती बंदुकांचं चेंबर (काडतूस बसतं ती जागा) ६५ मिमीचं असतं, त्यात ७० चं काडतूस सहज बसतं, कारण ७० हे फुटल्यानंतरचं माप. आत काडतुसाच्या तोंडाची घडी पूर्ण उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. "बसलं म्हणजे चालतं" म्हणणाऱ्यांच्या फुगलेल्या नळ्या मी बघितल्यात. दुकानात काडतुसं घेताना बंदुकीवर कोरलेलं माप सांगा. दुकानदारानं विचारलं नाही तरी.

सांग्याचा_माणूस

खोबरेल नको तर काय घालायचं मग? आमचा आजा तेच घालत होता.

चाप_आणि_पिन

शिलाई मशीनचं तेल. दोन थेंब, पुसून. आज्याला कोपरापासून नमस्कार.

फोंड्याची_सून

पुरुषमंडळींची शक्तिप्रदर्शनं वाचून झाली. आता माझं. सासऱ्यांची बंदूक कुळागरातल्या सुपारीच्या खोलीत दारामागं असायची. "रिकामी" असायची. माझा मुलगा सहा वर्षांचा असताना ती घोड्यासारखी पायात घेऊन बसलेला मी बघितला. सासऱ्यांना दाखवलं. त्यांनी मोडली, दोन्ही नळ्यांत काडतुसं. ते एक शब्द बोलले नाहीत, मीही नाही. त्या दिवसापासून काडतुसं माझ्या कपाटात, किल्ली माझ्याकडे. ते लायसनच्या कोणत्या नियमात बसतं ते नियमवाले सांगतीलच.

भाटकारबाब, ओरडला तो पोर तुमच्या नातवाच्या वयाचा असेल. त्याला पगार किती असेल ठाऊक नाही, पण दिवसभरात दहा माणसं त्याच्या पोटावर नळी धरून "रिकामी आहे रे" म्हणत असतील. मीसुद्धा ओरडले असते.

नियमवाला

वहिनी, लायसन तुमच्या नावावर नसेल तर काडतुसं तुमच्या ताब्यात असणं…

फोंड्याची_सून

या, पकडून न्या. येताना सुपारी सोलायला दोन माणसं घेऊन या.

बागायतदार_केपे

वहिनींचं पटलं. चाप-पिनवाल्यांचंही पटलं, आणि त्यांनी माझ्याच मुद्द्याला दुजोरा दिलाय हे नोंदवून ठेवा. ठाण्यात जमा करताना नळी मोडून बघायचा नियम करा, तेल लावायचा करा, मग आम्हाला सांगा.

सुभेदार_डिचोली

या एका गोष्टीत केपेवाल्यांशी सहमत. फक्त या एका.

भाटकार७०

सगळे मिळून बसलात माझ्यावर, बरं झालं. आता ऐका. आज सकाळी बाबांना विचारलं, शेवटचा फार कधी काढलात? म्हणाले, "शिगम्याला." कोणत्या शिगम्याला ते त्यांना सांगता येईना. दुकानात नेण्यापूर्वी मी स्वतः मोडून बघितली नव्हती. बाबांनी रिकामी म्हणून सांगितलं आणि मी तेच पुढं सांगितलं. दुकानात मोडली तेव्हा रिकामी निघाली, हेही लिहून ठेवतो, नाहीतर उद्या तुम्ही तिच्यातून तोफगोळा काढाल.

परत आणायला गेलो की घरूनच मोडलेलं कव्हर नेतो, कागद नेतो, वडिलांचा फोटो नेतो, हवं तर नळीला हार घालतो. पण त्या पोरानं "काका" म्हणूनच सांगावं. एवढं तरी चालेल ना सुभेदारसाहेबांना?

काजूवाला_सत्तरी

"काका, तोंड भिंतीकडे." चालेल.

चाप_आणि_पिन

मोडलेलं कव्हर नव्हे, मोडलेली बंदूक. कव्हर मोडू नका, महाग आहे.

सांग्याचा_माणूस

२०२७ ला विधानसभा आहे. पुन्हा जानेवारी-फेब्रुवारीत, काजूला मोहर असतानाच. ठाण्यात शिलाई मशीनचं तेल आपणच नेऊन द्यायचं का?